बाबांच्या पायावर काळे-निळे डाग, हिरड्यांतून रक्त, प्लेटलेट मात्र नॉर्मल. व्हिटॅमिनच्या कमतरतेने असं होतं का?

पर्वरीची_लेक

नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहितेय, कंटाळू नका. माझे बाबा ६८ वर्षांचे, वाळपईला एकटेच राहतात, कदंबात, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेत, ड्रायव्हर होते, आता रिटायर. आई जाऊन दोन वर्षं होत आली. मी पर्वरीला, भाऊ दुबईला. दर दुसऱ्या रविवारी मी जाते.

चवथीला (गणेश चतुर्थीला) गेले तेव्हा बाबा पायरी चढताना पाय ओढत होते, विचारलं तर म्हणे वयाचं आहे. पायजमा वर करून बघितलं तर दोन्ही पोटऱ्यांवर आणि गुडघ्याच्या मागे हे एवढे मोठे काळे-निळे डाग, जसे काय कोणी दांड्याने मारलंय. पडलात का, तर नाही. कुठे आपटलात का, तर नाही. शिवाय दोन महिने हिरड्या सुजून दात घासताना रक्त येतंय, त्यासाठी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन क्लीनिंग करून आले, काही फरक नाही, उलट नंतर दोन दिवस रक्त थांबेना.

पावसाळा, त्यात डेंग्यूची भीती, म्हणून लगेच ब्लड केलं. प्लेटलेट २,१०,०००. हिमोग्लोबिन ९.४. साखर नॉर्मल. जिथे दाखवलं तिथल्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले या वयात कातडी पातळ होते. शेजारच्या काकी म्हणतात दृष्ट लागली. मी नेटवर वाचलं की व्हिटॅमिन कमी पडलं तर मोठ्या माणसालाही असं रक्त येऊ शकतं. हे खरं आहे का? मल्टीव्हिटॅमिन चालू करू का सरळ?

बेतोड्याचा_बाब

ताई डेंग्यूच असेल हो, आमच्याकडे तिघांना झाला. पपईच्या पानांचा रस द्या सकाळ-संध्याकाळ. प्लेटलेट वर येतात म्हणतात.

लॅबवाला_कुडचडे

बाब, प्लेटलेट दोन लाख दहा हजार आहेत, वर कुठे न्यायच्या अजून? दीड ते साडेचार लाख नॉर्मल. आणि दोन महिने डेंग्यू चालत नाही.

साखळीची_सून

पर्वरीची_लेक, आमच्या घरात हे झालंय म्हणून लिहिते. गेल्या वर्षी सासूबाईंना पित्ताशयात खडे, एक खडा नळीत अडकला, कावीळ, डोळे हळदीसारखे, शौचाचा रंग पांढुरका मातीसारखा. ऑपरेशन होईपर्यंत आणि झाल्यावर मिळून दहा-बारा दिवस नळीतून सेफोपेराझोन नावाचं अँटिबायोटिक चालू, जेवण म्हणजे दोन चमचे पेज. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी बघते तर जिथे जिथे सुई टोचलेली तिथे तिथे वाटीएवढे जांभळे डाग आणि लघवी लाल. मी इतकी घाबरले की भरल्या तव्यावरची भाकरी तशीच ठेवून गाडी काढली.

इस्पितळात पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, केली. आकडा ५ च्या वर आला, असायला हवा १ च्या आसपास. तिथल्या मॅडमनी मला कागदावर चित्र काढून समजावलं ते आज उपयोगी पडतंय. रक्त गोठायला लिव्हर जे पदार्थ बनवतं त्यातल्या चौघांना, म्हणजे फॅक्टर २, ७, ९ आणि १० यांना, व्हिटॅमिन के लागतं. हे व्हिटॅमिन तेलातुपात विरघळणारं, म्हणून आतड्यातून शोषायला पित्त लागतं. सासूबाईंचं पित्त अडलेलं, खाणं बंद, आतड्यातले जे जंतू थोडंफार के बनवतात ते अँटिबायोटिकने साफ, आणि त्यातून हे विशिष्ट अँटिबायोटिक स्वतःच व्हिटॅमिन केच्या कामात खोडा घालतं. चारही बाजूंनी नाकाबंदी. शरीरात याचा साठा फार नसतो, थोड्या आठवड्यांत संपतो. व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं, हळूहळू, सलाईनमधून, दुसऱ्या दिवशी आयएनआर दीडवर आला. जादू वाटली.

तर तुम्ही आधी हे विचारा: बाबांना अलीकडे कावीळ, मोठं आजारपण, लांबलेलं अँटिबायोटिक? सतत पातळ, तेलकट जुलाब? हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी, ॲसिट्रॉम, वॉर्फरिन, ॲस्पिरिन? आणि कोणी वैद्याने दिलेली पुडी? आमच्याकडे माणसं ते औषधात धरतच नाहीत, "ते काय, ते झाडपाल्याचं" म्हणतात.

मडगावचा_विनू

वॉर्फरिनवरून आठवलं, ती गोळी म्हणजे मूळ उंदराचं औषध. अमेरिकेत गुरं गोड क्लोव्हर नावाचा सडका चारा खाऊन रक्तस्रावाने मरत होती त्यातून शोध लागला, १९४८ च्या सुमारास उंदरांसाठी विकायला आलं आणि १९५४ ला माणसांसाठी मंजूर. आजची उंदरांची औषधं त्याच जातीची पण कितीतरी जास्त टिकाऊ. घरात उंदरांच्या वड्या ठेवल्यात का तेही बघा, एकटा म्हातारा माणूस, चष्मा नसताना चुकून काही हात लागला तर. घाबरवत नाही, फक्त बघा म्हणतो.

लॅबवाला_कुडचडे

साखळीची_सून यांनी मस्त लिहिलंय. मी डॉक्टर नाही, पण २२ वर्षं लोकांचं रक्त काढतोय त्यामुळे दोन गोष्टी.

सीबीसीमध्ये, म्हणजे तुम्ही केलेल्या साध्या रक्ततपासणीत, आपण प्लेटलेट फक्त मोजतो. त्या काम करतात का, रक्त गोठतं किती वेळात, शिरा धड आहेत का, यातलं काहीच त्या कागदावर येत नाही. लोक "प्लेटलेट नॉर्मल" वाचतात आणि रक्ताचा विषय संपला समजतात. रक्त वाहायला तीन गोष्टींपैकी एक बिघडावी लागते, प्लेटलेट, गोठवणारे पदार्थ, किंवा ज्या नळीतून रक्त जातं ती नळी. दुसऱ्यासाठी पीटी-आयएनआर आणि एपीटीटी (तीही गोठण्याचीच तपासणी) करा, सोबत लिव्हर नि किडनीसाठी क्रिएटिनिन. ते करून यायच्या आधी गोळ्या चालू करू नका, का ते खाली सांगतो.

बी१२ आणि फॉलिक ॲसिड फार कमी झालं की प्लेटलेटच घटतात, कधीकधी पन्नास-साठ हजारावर येतात, पण तुमच्या बाबांच्या नाहीत, म्हणजे तो रस्ता बंद. पीटी लांबला तर व्हिटॅमिन के, लिव्हर किंवा औषध. पीटी-एपीटीटी दोन्ही नॉर्मल आले तर बघायची उरते ती नळी, आणि तिथे व्हिटॅमिन सी. शिरांच्या भिंतीत जे कोलॅजन असतं, भिंतीतला चिवट तंतू म्हणा, तो सी शिवाय नीट विणला जात नाही. मग साधा बसायचा-उठायचा दाब पडला तरी रक्त बाहेर झिरपतं. यालाच स्कर्व्ही म्हणतात. शाळेत आपण खलाशांचा रोग म्हणून पाठ केला आणि सोडून दिला.

आता तुम्ही एक काम करा. उजेडात बसवून, भिंग घेऊन बाबांच्या पायावरचे बारीक लाल ठिपके बघा. प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध केस आहे का? आणि तो केस सरळ आहे की जुन्या टेलिफोनच्या वायरसारखा वळलेला? आणि सांगा, ते खातात काय? "सगळं खातात" असं नको, काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय ते.

पर्वरीची_लेक

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी परत वाळपईला गेले, ऑफिसमधून तशीच.

औषधं: बीपीची एक गोळी आणि ॲसिडिटीची, बस. रक्त पातळ करायचं काही नाही. कावीळ कधी नाही. अँटिबायोटिक नाही. उंदरांच्या वड्या नाहीत, मांजर आहे.

पंचांग वाचायचं भिंग घेतलं. लॅबवाले दादा, तुम्ही बरोबर होता. ठिपक्यांच्या मधोमध केस आहे, बहुतेक सगळ्यांत. आणि केस वळलेले, काही तर तुटून नुसतं खुंट. पोटरीला हात लावला तर आतून घट्ट, लाकडासारखी, आणि बाबा ओरडले. हिरड्या जांभळ्या, दातांच्या मधून फुगून वर आलेल्या. गंमत म्हणजे खाली उजवीकडे तीन दात नाहीत, तिथली हिरडी एकदम नॉर्मल गुलाबी.

खाणं. मी शेजारी बसून लिहून घेतलं. सकाळी पोदेराकडचे (पाववाल्याकडचे) दोन उंडे, म्हणजे गोल पाव, चहात बुडवून. दुपारी पेज, त्यासोबत सुका बांगडा भाजून, नाहीतर मिसकुट (कैरीचं लोणचं). संध्याकाळी चहा-बिस्किट. रात्री परत पेज किंवा पाव. भाजी? "एकट्यासाठी कोण चिरत बसतो." फळ? "दातांना त्रास." लिंबू? तर म्हणतात दीड वर्षापूर्वी ॲसिडिटी झाली तेव्हा डॉक्टरांनी आंबट बंद सांगितलं, तेव्हापासून लिंबू, संत्रं, आमसूल, टोमॅटो सगळं बंद. सोलकढीसुद्धा नाही. त्यांना ते महिन्याभरासाठी सांगितलं होतं बहुतेक, बाबांनी नोकरीतल्या नियमासारखं पाळलं. आणि विड्या, दिवसाला एक बंडल.

आई होती तोवर तांबडी भाजी, वाल, ताजी आमटी रोज असायची. मी दर पंधरा दिवसांनी जात होते आणि प्रत्येक वेळी काय नेत होते तर केक आणि फरसाण.

लॅबवाला_कुडचडे

दात नसलेल्या जागची हिरडी चांगली, हे तुम्ही टिपलंत ते फार मोलाचं आहे, हे डॉक्टरांना नक्की सांगा. स्कर्व्हीत हिरडी दाताभोवतीच सुजते, दात नाही तर सूज नाही.

गोळी आधी का नको: व्हिटॅमिन सीची रक्तात तपासणी होते, आमच्यासारख्या लहान लॅबमध्ये होत नाही, बाहेर पाठवतो, नमुना उजेडापासून झाकून बर्फात न्यावा लागतो. पण दोन-तीन दिवस गोळी किंवा फळं घेतली तर रक्तातला आकडा नॉर्मल दिसायला लागतो आणि मग कोणालाच काही कळत नाही. म्हणून आधी रक्त, मग गोळी, आणि रक्त दिल्यावर मात्र रिपोर्टची वाट बघत थांबायची गरज नसते, डॉक्टर लगेच चालू करतात.

दोतोर_सुट्टीवर

मेडिसिनवाला आहे, नाव-गाव नको. वरचं बहुतेक बरोबर आहे. माझ्याकडे वर्षा-दोन वर्षांत एखादा तरी असा पेशंट येतो आणि जवळजवळ दरवेळी तोच साचा, एकटा राहणारा म्हातारा पुरुष, बायको गेलेली, चहा-पाव-पेज, विडी किंवा दारू. बहुतेक वेळा आधी त्याला त्वचेचा, हाडांचा आणि दातांचा असे तीन डॉक्टर बघून गेलेले असतात. जेवणात काय, हे कोणी विचारलेलं नसतं, आणि खरं सांगायचं तर आम्हीही घाईत असलो की विचारत नाही.

शरीरात सीचा साठा साधारण दीड ग्रॅम. तो आपण बनवू शकत नाही. खाण्यातून पूर्ण बंद झालं तर एक ते तीन महिन्यांत लक्षणं सुरू होतात, आणि स्कर्व्ही टाळायला दिवसाला १० मिलिग्रॅमसुद्धा पुरतं. म्हणजे एक लहान लिंबूही पुष्कळ. विडी ओढणाऱ्याला जास्त लागतं. तुमच्या बाबांच्या पानात लिंबाची फोडसुद्धा उरली नव्हती.

पण कृपा करून फोटो बघून किंवा धागा वाचून ठरवू नका. हिमोग्लोबिन ९.४ का आहे ते शोधायला हवं. पायात रक्त साठूनही कमी होतं, आणि सी नसेल तर लोहही नीट शोषलं जात नाही, पण ६८ व्या वर्षी पोटातून रक्त जातंय का तेही बघायलाच हवं. शौच डांबरासारखं काळं झालं, उलटीत रक्त आलं, डोकं आपटलं, एकदम चक्कर आली, पाय ताणून दुखायला लागला तर धागा बंद करा आणि त्याच रात्री इस्पितळात जा. लोहाची गोळी चालू असेल तर शौच तसंही काळपट होतं, डॉक्टरांना सांगा.

बार्देशकार_जुनो

मला एक कळत नाही. माझे आजोबा जन्मभर पेज नि खारें (खारवलेली सुकी मासळी) खाऊन ९१ वर्षं जगले. त्यांना कुठे स्कर्व्ही झाला? आजकाल सगळ्यालाच व्हिटॅमिन.

साखळीची_सून

जुनो, तुमच्या आजोबांच्या परसात काय होतं ते आठवा. बिंबलां, आंबाडे, करमलां, मशिंगाची (शेवग्याची) पानं, तांबडी भाजी, आवाठातल्या (वाड्यातल्या) पेरूवर दगड. उन्हाळ्यात बोंडू, म्हणजे काजूचं फळ. पेज नि खारें ताटात दिसायचं, बाकीचं चालता चालता तोंडात जायचं. वाळपईतल्या बाबांचं उलटं झालं, परसू आहे पण त्यातलं तोडून द्यायला कोणी नाही.

मडगावचा_विनू

बोंडूत सी भरपूर, संत्र्याच्या चार-पाच पट म्हणतात. 😀 मग उर्राक (बोंडूची दारू)?

लॅबवाला_कुडचडे

ती भट्टीत उकळून काढलेली, तिच्यात व्हिटॅमिन राहत नाही रे. निरो, म्हणजे बोंडूचा रस पी, तो ताजा असतो. पण चैत्र येऊ दे, आता सप्टेंबर चाललाय.

काणकोणकार

थोडं अवांतर. आमच्या बाजूला समुद्रात अंजदीव बेट आहे, नौदलाच्या ताब्यात, सरकारी कागदात गोव्याचं. वास्को द गामा १४९८ ला परत जाताना इथे थांबून जहाजं साफ करून ५ ऑक्टोबरला निघाला. वारा उलटा, हवा बंद, अरबी समुद्र ओलांडायला तीन महिन्याला तीन दिवस कमी लागले. त्याच्या जहाजावरच्या रोजनिशीत लिहिलंय की माणसांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, खाता येईना, पाय आणि अंग सुजलं, आणि तीस माणसं मेली, प्रत्येक जहाजावर सात-आठ माणसं धड उरली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदीला पोचले तेव्हा संत्री मागवली होती.

इथून निघाले तेव्हा काठावर सगळीकडे लिंबं नि तोरंजनं (मोठ्या लिंबाच्या जातीची फळं) असणार, पण कारण कोणाला माहीत होतं? जेम्स लिंडने बारा खलाशांवर सहा वेगवेगळे उपाय करून संत्री-लिंबू सरस ठरवलं ते १७४७ ला. अडीचशे वर्षांनी. पर्वरीची_लेक, तुमचं वर्णन वाचून मला तेच पान आठवलं, हिरड्या आणि पाय, अगदी तेच दोन.

पर्वरीची_लेक

आठ दिवसांनी लिहितेय, अपडेट.

पीटी-आयएनआर १.०, एपीटीटी नॉर्मल, लिव्हर नॉर्मल. शौचात रक्त नाही. व्हिटॅमिन सीचा नमुना बाहेर पाठवलाय, रिपोर्ट यायचाय, पण ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनी पाय बघितले, भिंग मागितलं, मग जेवण विचारलं आणि हसले नाहीत की काही नाही, म्हणाले आज रात्रीपासून व्हिटॅमिन सीची ५०० ची गोळी सकाळ-संध्याकाळ. ॲसिडिटी आहे म्हणून जेवणानंतर आणि साधी नको, सोडियम ॲस्कॉर्बेटवाली. एक महिना, मग तपासून कमी. मनाने वर्षभर खायची नाही, मुतखडा होऊ शकतो म्हणाले.

तिसऱ्या दिवशीच बाबा म्हणाले अंगात जरा ताकद वाटते, मला वाटलं मनाचे खेळ. काल सकाळी ब्रशवर रक्त नव्हतं. हिरड्या अजून जांभळट आहेत पण फुगवटा खाली आलाय. पायाचे डाग हिरवट-पिवळे होतायत, त्यांना दोन आठवडे लागतील म्हणाले, केस सरळ यायला महिना दीड महिना.

आणखी एक सांगते. चवथीला काकांच्या घरी माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळाफुलांचं छत, बांधायला बाबाच गेले होते, कुठलं फळ कुठे टांगायचं ते त्यांनाच माहीत, दरवर्षीचं. तोरंजन, आंबाडे, आवळे, सगळं त्यांनीच सुतळीने बांधलं. पाच दिवस माणूस आवळ्यांखाली बसून पेज जेवला.

विडी सोडत नाहीत. तेवढं अजून जमलं नाही.

दोतोर_सुट्टीवर

छान. रिपोर्ट कमी आला तरी किंवा नाही आला तरी, तीन दिवसांत सुधारणा हाच मोठा पुरावा. महिन्याने सीबीसी परत करा, हिमोग्लोबिन चढलं नाही तर पोटाची तपासणी टाळू नका. आंबटाची बंदी उठवायची ती तुमच्या डॉक्टरांना विचारून, पण पिकलेला पेरू आंबट नसतो आणि त्यात संत्र्याच्या चौपट सी असतं, मऊ घ्या, बिया काढून द्या. भाजी फार वेळ शिजवू नका, सी उष्णतेने आणि पाण्यात जातं, तेव्हा उकळून पाणी ओतून देण्याची पद्धत बंद.

साखळीची_सून

आणि एक, ॲसिट्रॉमवर असलेल्या दुसऱ्या कोणी हा धागा वाचला तर: पालेभाजी बंद करू नका नि एकदम वाटीभर सुरूही करू नका, व्हिटॅमिन केमुळे आयएनआर हलतो. रोज सारखी खा आणि डॉक्टरांना सांगा. सासूबाईंच्या बाजूच्या खाटेवरची बाई याच कारणाने आली होती.

पर्वरीची_लेक

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जातेय, पेरू आणि मशिंगाची पानं घेऊन परस्पर वाळपईला. शेजारच्या काकींना सांगितलंय, रोज एक वाटी भाजी द्या, महिन्याचे पैसे मी देते. त्या म्हणाल्या पैसे नको, पण तुझ्या बापाला आमच्याकडे येऊन बसून जेवायला सांग, डबा नेऊन देणार नाही.

बाबा अजून हो म्हणाले नाहीत.